पान दोनशे बारा आणि माझी बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी क्लोटिल्ड सेवाप, वय वर्षे ७१, इथल्या मूळच्या क्री लोकांपैकी, धंदा आजवर इतिहासाची प्राध्यापकी व सध्या नुसते पडून राहणे, राहणार मूळची मूस पोर्टेज, मधली चाळीस वर्षे सास्काटून शहर, आता पुन्हा मूस पोर्टेज, माझ्या अझेली मावशीच्या घरी चुलीशेजारच्या खाटेवर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. आजार पोटात आहे, तो वर चढलेला नाही, असा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी भुलवलेले नाही. १९५२ साली, मी सहा वर्षांची असताना, गोड गोळ्यांची पुडी दाखवून मला मिशनच्या निवासी शाळेच्या विमानात बसवण्यात आले. तेव्हापासून मी भुलायचे सोडले आहे.

कलम १. यापूर्वी २००९ साली विद्यापीठाच्या वकिलाने मला फुकटात करून दिलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. एवढा मोठा वकील फुकट का राबला, ते त्यातलं चौथं कलम नीट वाचल्यावर कळलं. माझ्या सगळ्या ध्वनिफिती त्याने विद्यापीठाच्या नावे घातल्या होत्या. सही करताना मी ते वाचलं नव्हतं. आमच्या पणजोबांनीही सरकारशी झालेल्या जमिनीच्या करारावर न वाचताच अंगठा उठवला होता. त्यांना वाचता येत नव्हतं, मला येत होतं, म्हणजे घराण्याची प्रगती झाली म्हणायची.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भावाची मुलगी कोरिन सेवाप, वय ३४, गावच्या शाळेतली शिक्षिका, हिने करावी. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "आत्या, मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही." मी म्हटलं, "कळणाऱ्यांनी काय दिवे लावले ते बघतेस ना? तूच कर."

कलम ३. सास्काटूनमधलं माझं नदीजवळचं घर विकू नये. आपल्या गावची जी मुलं तिकडे शिकायला जातील त्यांनी त्यात राहावं, भाडं देऊ नये, न्हाणीघराचा नळ दुरुस्त करावा. अट एकच. बर्फ धरल्यावर, नाताळच्या सुट्टीआधीच, प्रत्येक मुलाने निदान तीन आठवडे गावी येऊन राहायचं. परीक्षा असो, प्रयोगशाळा असो, प्रेमप्रकरण असो. जो येणार नाही त्याचं अंथरूण कोरिनने बाहेर ठेवावं. ही अट काही जणांना म्हातारीचं खूळ वाटेल. त्यांनी कलम ६ वाचावं.

कलम ४. विद्यापीठातल्या माझ्या खोलीतलं सामान. कपाटं, दिवा व फिरती खुर्ची विभागाला ठेवते. खुर्ची एका बाजूला कलते, पण विभागही कलतो, तेव्हा जमून जाईल.

मी जो विषय शिकवला त्याचं नाव परक्या भाषेत लांबलचक आहे आणि दर पाच वर्षांनी आणखी लांबतं. मला विचाराल तर आयत्या बिळावर नागोबा, एवढाच तो विषय. नागोबा आला कसा, बसला कसा, आणि आता बिळाबद्दल इतका हळवा का झाला, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत तर प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कुलगुरू उभे राहून कागदावरून वाचायचे की आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत ती मूळची क्री लोकांची आहे, आणि आपण त्यांचे नम्र ऋणी आहोत. मग कागदाची घडी घालायची आणि गाड्या लावायच्या जागेवरून भांडण सुरू करायचं. एकदा मी हात वर करून विचारलं, "मग रिकामी कधी करताय?" बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे: प्रा. सेवाप यांनी विनोद केला.

माझी तसबीर मोठ्या दालनात लावण्याचा ठराव झाला आहे असं पत्र आलं आहे. लावू नये. लावलीच तर खाली फुलं ठेवू नयेत.

कलम ५. माझी सहकारी प्रा. ब्रेंडा व्हिटलॉक हिला मी एक चांगला मोठा आरसा देते. ब्रेंडाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पोटमाळ्यावर एक फोटो सापडला, त्यातल्या पणजीच्या गालांची हाडं वर आलेली होती, आणि पुढच्या सोमवारपासून बाई मण्यांची कानातली घालून येऊ लागल्या. आमच्या लोकांसाठी म्हणून राखलेलं अध्यासन दोन वर्षांत तिला मिळालं. मी तिला विचारलं होतं, "ब्रेंडा, तुझी माणसं कुठली?" ती म्हणाली, "ते अजून शोधतेय गं. आतून जाणवतं मात्र." आमच्यात हा प्रश्न विचारला की कोणतंही सहा वर्षांचं पोर आजी, तिची बहीण, तिचा तलाव, सगळं घडाघडा सांगतं. बाईंना नुसतं जाणवतं.

पण ब्रेंडावर मी किती थुंकू? तिने जे ढापलं ते माझ्याजवळ होतं, आणि मी त्याचं काय केलं ते आता सांगते.

कलम ६. हे कलम मी शपथेवर लिहीत आहे. वकिलांनी ते साक्ष म्हणून वापरावं.

मूस पोर्टेजपासून होडीने अर्ध्या दिवसावर तलावात जमिनीचं एक टोक शिरलेलं आहे. त्याला आम्ही वाट बघायचं टोक म्हणतो. १९५७ साली सरकारने ते ओसाड ठरवून मासे मारायला येणाऱ्या हौशी लोकांच्या बंगल्यांसाठी देऊन टाकलं. आमचे लोक तेव्हापासून ते परत मागत आहेत. आमच्याजवळ कागद नाही, टोक आमचं असल्याचा पुरावा म्हणजे त्याची जुनी गोष्टच.

१९७४ ते १९७९, सलग सहा उन्हाळे, मी गावात ध्वनिमुद्रण करत फिरले. उन्हाळेच का? कारण हिवाळ्यात विद्यापीठाचे वर्ग असतात, सुट्टी मे ते ऑगस्ट. वडीलधाऱ्यांकडे गोष्ट मागताना तंबाखू द्यायच्या आमच्या रीतीप्रमाणे दरवेळी मावशीपुढे एक पुडकं ठेवायचे आणि विचारायचे, "मावशी, टोकाची काही गोष्ट आहे का गं?" मावशी पुडकं घ्यायची आणि म्हणायची, "आत्ता नाही. वेळ नाही ती." मला वाटायचं, सांगण्यासारखं काही नाही म्हणून म्हातारी गोडीत टाळते आहे. शहरात लोक असंच टाळतात.

आमच्यातल्या कोणालाही हे वाचून हसू येईल, किंवा रडू. जुन्या मोठ्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या, हे आमच्यात शिकवावं लागत नाही. पोर आईच्या कुशीत आठ-दहा हिवाळे ऐकतं, त्यातूनच त्याला कळतं. मला हे पुस्तकातून माहीत होतं. मी त्यावर एक टीपही लिहिली होती, दुसऱ्या लोकांबद्दल. पण अंगात नव्हतं. सहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत सप्टेंबर ते जून मी मिशनच्या शाळेत असायचे. घरी यायचे ते जुलै-ऑगस्टात. माझ्या कानांवर घरातला एकही हिवाळा पडला नाही. शाळेने माझे बारा हिवाळे घेतले, आणि पुढचे मी पगारावर विद्यापीठाला दिले.

१९८३ साली पुस्तक निघालं. पान २१२, वरून सातवी ओळ: "या टोकाशी निगडित कोणतीही परंपरागत कथा वस्तीत आढळत नाही."

हस्तलिखितात मी त्याच्यापुढे लिहिलं होतं की मावशीने नंतर ये असं सांगितलं. माझे मार्गदर्शक प्रा. अलिस्टर प्रॉक्टर, हे नाकाने कांदे सोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मग नंतर गेलात का?"

"नाही."

"मग काय सांगताय? कापा ते."

कात्री त्यांची, पण मान माझी हलली. हे मी लपवत नाही.

१९९६ साली टोकाचा दावा सुनावणीला आला. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, ऑगस्टात, कारण तेव्हा रस्ता बरा असतो आणि न्यायाधीशांना मासे मारता येतात. सरकारचे वकील श्री. क्रेग डनवुडी यांनी पान २१२ मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. वर म्हणाले, "याच वस्तीच्या कन्येच्या सखोल संशोधनाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत." न्यायाधीशांनी विचारलं, कोणा वडीलधाऱ्यांना काही सांगायचं आहे का? मावशी उठली, म्हणाली, "आत्ता नाही," आणि बसली. बाकीचे म्हातारे मान खाली घालून बसलेले. मी दुसऱ्या रांगेत होते. मला तेव्हाही कळलं नाही! दावा फेटाळला. त्या दिवशी गावात मला कोणी चहा विचारला नाही, ज्या गावात कुत्र्यालाही भाकरीचा तुकडा विचारतात.

गावाला वाटलं, मला सगळं माहीत असून मी लिहिलं. मला वाटलं, गावाजवळ गोष्टच नव्हती आणि खापर माझ्या डोक्यावर फोडताहेत. बर्फाचा नियम आमच्या लोकांना इतका ठाऊक, की तो मला सांगावा लागेल हे कोणाच्या मनातच आलं नाही. मी परकी झाले आहे असं कोणी धरलंच नव्हतं. शरमेने म्हणा, रागाने म्हणा, मी एकवीस वर्षं गावात पाऊल टाकलं नाही. वसाहतवादावर मात्र त्या काळात तीन पुस्तकं लिहिली. तिन्हींना बक्षिसं मिळाली.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितलं की वसंतापर्यंतचा भरवसा धरू नका. दुसरीकडे जायला जागा नव्हती. मावशी आता ब्याण्णव वर्षांची. दार तिनेच उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "वाळलीस. आत ये, दार लाव, ऊब जाते." माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते उगाच नाही.

नऊ नोव्हेंबरला तलावावर बर्फ धरला. दुपारी मूस हरणाच्या मांसाचा रस्सा खाऊन झाल्यावर मावशी म्हणाली, "काय गं, तो प्रश्न अजून आहे का तुझ्याकडे?"

"कुठला?"

"टोकाचा. सहा उन्हाळे विचारत होतीस."

"मावशी, तू म्हणाली होतीस, वेळ नाही."

"मग? नव्हतीच वेळ. जुलै होता! मी म्हणायचे, पोरगी एवढी शिकलीय, एकदा तरी बर्फात येईल. दरवर्षी तुझं आपलं मशीन घेऊन डासांच्या दिवसांत आगमन. मला वाटलं, तू डासांवरच पुस्तक लिहितेस."

मग तिने कोरिनला खाटेखालचा पत्र्याचा डबा काढायला लावला. आत माझी सहा पुडकी होती. न फोडलेली. तंबाखूचा पार भुगा झालेला.

"हे ओढलं का नाहीस?" मी विचारलं.

"गोष्ट दिली नव्हती, मग तंबाखू कसा ओढू? मी काय विद्यापीठ आहे?"

मी रडले. ब्याण्णव वर्षांच्या बाईसमोर एकाहत्तर वर्षांची बाई भोकाड पसरून रडली, आणि ती म्हणाली, "पुरे आता, चहा निवतोय."

टोकाची गोष्ट चार दुपारी चालली. कोरिनने आणि मी मिळून ऐकली. मशीन लावलं नाही. त्या टोकावर बर्फ घट्ट होईपर्यंत कोणती घराणी कोणत्या दगडापाशी थांबायची, आधी कोण आलं, कोणाचं काय झालं, सगळं तिच्यात आहे, नावांसकट, या बंगलेवाल्यांच्या जन्माआधीपासूनचं. ती मी इथे लिहिणार नाही, कारण हा कागद कोण कोणत्या महिन्यात उघडील याचा भरवसा नाही. मी शपथेवर एवढंच लिहिते की पान २१२ वरचं ते वाक्य खोटं आहे. गोष्ट आहे. बैल गेला नि झोपा केला, हे मला कळतं. तरी झोपा करते.

कलम ७. प्रा. प्रॉक्टर अजून हयात आहेत, वय ९०, मानद पदव्या अकरा. त्यांना त्यांचीच चौदा पुस्तकं परत द्यावीत. पहिल्या प्रकरणापुढे त्यातलं एकही मी वाचलेलं नाही. श्री. डनवुडी यांना माझ्या पुस्तकाच्या पहिल्या प्रतीतलं पान २१२ फाडून, चौकटीत बसवून द्यावं. ते दर नाताळाला मला शुभेच्छापत्र पाठवतात. एवढा निर्मळ माणूस विरळा.

कलम ८. माझ्या सर्व पुस्तकांचे हक्क वस्तीच्या पंचायतीला देते. पहिलं पुस्तक पुन्हा छापायचं असेल तर पान २१२ वरच्या त्या वाक्याच्या जागी हे वाक्य घालावं: "लेखिकेने हा प्रश्न उन्हाळ्यात विचारला." अक्षर मोठं घ्यावं. प्रकाशक कुरकुर करील, त्याला करू द्यावी.

कलम ९. ध्वनिफिती एकूण एकसष्ट. ज्या घरातला आवाज, त्या घरात फीत जाईल. डब्यांवर नावं मी स्वतः लिहिली आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथपालांचं पत्र आलं आहे की फिती त्यांच्या थंड, सुरक्षित दालनात ठेवणं सर्वांच्या हिताचं होईल. थंडी? इथे आज उणे एकतीस आहे. त्यांना हवी असेल तर डबाभर पाठवावी. फितींवर फक्त उन्हाळ्यातलं बोलणं आहे, मासे, लग्नं, कोणी कोणाची होडी बुडवली. तेही मोलाचं आहे, पण त्यावरून आमच्याजवळ एवढंच होतं असं पुन्हा कोणी म्हणू नये.

कलम १०. माझे घरगुती कपडे मावशीला बसतील ते तिने घ्यावेत, बाकीच्यांच्या गोधड्या कराव्यात. बर्फाचे बूट कोरिनला. मला गावच्या दफनभूमीत आईशेजारी पुरावं. जमीन गोठलेली असली तर शेकोटी करून मऊ करावी, माझ्यासाठी वसंतापर्यंत थांबू नये. मिशनचा पाद्री बोलावू नये. आपणहून आला तर चहा द्यावा, माईक देऊ नये.

कलम ११. हे शेवटचं, आणि बाकी सगळं याच्यासाठी आहे.

टोकाचा दावा पुन्हा उभा राहिला आहे. सुनावणी येत्या १८ जूनला. मी तेव्हा नसेन. मावशीने गोष्ट सांगण्याचा हक्क कोरिनला दिला आहे, माझ्यासमोर, तोंडी. तो माझ्या मिळकतीत येत नाही, म्हणून मी तो देत नाही, फक्त साक्ष देते.

आपली वकील हुशार मुलगी आहे, आपलीच आहे, मागच्या आठवड्यात स्नोमोबाइलवरून येऊन गेली. तिने विनवण्या केल्या. तारीख हिवाळ्यात मागून बघितली, कोर्ट म्हणालं, रस्ता बंद असतो, गैरसोय होते. "कोरिनताई, फक्त एकदा. जूनमध्ये सांगून टाका. तेवढ्याने जिंकू. नाहीतर परत म्हणतील, यांच्याजवळ काही नाही."

कोरिनने मावशीला विचारलं, "आजी, उन्हाळ्यात सांगितली तर काय होतं गं?"

"आम्ही लहान असताना सांगायचे, अंथरुणात बेडूक येतात." मावशीने सुई थांबवली. "खरं काय होतं ते मला माहीत नाही. आमच्यातलं कोणी करून बघितलं नाही. तुला गोष्ट दिली आहे, आता तू ठरव."

तेव्हा कोरिन माझ्याकडे वळली. "आत्या, मी नाही सांगितली आणि टोक गेलं तर? अख्खं गाव मला तुझ्यासारखं..." बरोबर आहे तिचं. तेच होईल कदाचित.

कोरिन, मी तुला हुकूम करत नाही. मला तो अधिकार उरलेला नाही. माझी इच्छा लिहिते. १८ जूनला साक्षीच्या जागी उभी राहा. शपथ घे. टोकाबद्दल विचारतील तेव्हा सांग की गोष्ट आहे, मला पूर्ण येते, आज सांगणार नाही. मग त्यांना तारीख दे. बर्फ धरल्यानंतरची, कोणतीही. राहायची सोय आपण करू, रस्सा आपण देऊ, गरम मोजे त्यांनी आपले आणावेत. न्यायाधीश म्हणतील, हे कोर्टाच्या वेळापत्रकात बसत नाही. तू म्हण, "माहीत आहे. माझी आत्याही बसवू शकली नव्हती."

ते आले नाहीत तर टोक जाईल. एकदा ते माझ्या वाक्याने गेलं आहे. दुसऱ्यांदा गेलं तर निदान त्यांना कागदावर लिहावं लागेल की गोष्ट होती आणि आम्हाला थंडी वाजत होती.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला. मावशीला आपल्या भाषेत पूर्ण वाचून दाखवला. ती दोन ठिकाणी हसली आणि शेवटी म्हणाली, "डिसेंबरपर्यंत मी कुठे जात नाही, सांग त्या न्यायाधीशाला." मावशी व कोरिन यांना यातून काही ना काही मिळत असल्याने कायद्याने त्या साक्षीदार होऊ शकत नाहीत. मावशीला हा कायदा पटलेला नाही.

सही: क्लोटिल्ड सेवाप

साक्षीदार १: इसिदोर कॅरिबू, शेजारी, धंदा मासेमारी. (गेली एकवीस वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. आज सही करताना "पेन चालत नाही" एवढं बोलला.)

साक्षीदार २: मार्गो बर्ड, दवाखान्यातील परिचारिका.

ठिकाण: मूस पोर्टेज, उत्तर सास्कॅचवान
दिनांक: २१ फेब्रुवारी २०१८. जमिनीवर चार फूट बर्फ.